आंबोली घाटात गाडी तापली? बिघाड बहुतेक वेळा खाली किनाऱ्यावरच सुरू झालेला असतो

मे महिन्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. मालवणात चार दिवस राहून झालंय. डिकीत आंब्याच्या पेट्या आणि कोकमाच्या बाटल्या, मागच्या सीटवर आजी आणि दोन पोरं, एसी फुल्ल. सावंतवाडी गेली, दाणोली मागे पडलं, आंबोलीची चढण सुरू झाली. चार वळणं झाली नाहीत तोच डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं ते चिन्ह. गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "वर पोचल्यावर बघू, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे."

ती दहा मिनिटंच महागात पडतात. दिवा लागला तेव्हा कदाचित काही शे रुपयांचा पाइप फुटलेला असतो. वर पोचेपर्यंत तेच काम इंजिन खोलण्याचं होतं, आणि बिल काही हजारांत, कधी लाखाच्या घरात जातं. म्हणून लाल दिवा लागला की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. बाकीचं, म्हणजे गाडी तापते का, नेमकं काय बिघडलंय हे कसं ओळखायचं आणि दुरुस्तीत काय करून घ्यायचं, ते आता निवांत बघू.

पाणी फिरतं कसं?

इंजिनात इंधन जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा चाकं फिरवायला कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, पिस्टन सिलिंडरला घासायला लागतात.

ती काढण्याचं काम चार ते सहा लिटर पाणी करतं (लहान गाडीत एवढंच असतं). पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप, ज्याला आपले मिस्त्री 'वॉटर बॉडी' म्हणतात, ते पाणी इंजिनाच्या पोकळ्यांतून ढकलतो. गरम पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने थंड होतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा छोटा झडपेचा पहारेकरी बसलेला असतो. त्याच्यात मेण भरलेलं असतं. पाणी ८२ ते ९० अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही, कारण इंजिनाला लवकर गरम व्हायचं असतं. गाडी उभी असताना वारा मिळत नाही, म्हणून रेडिएटरला विजेचा पंखा असतो. तो साधारण ९५ ते १०० अंशांच्या सुमारास सुरू होतो.

आणि झाकण. या सगळ्यात सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग हाच. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण आतला दाब हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त ठेवतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व आहे हे. एवढ्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल आणि दाब धरत नसेल, तर मालवणात कशीबशी निभावणारी गाडी घाटमाथ्याजवळ उकळते. बिचाऱ्या घाटाला मात्र शिव्या बसतात.

"आपल्याक खय बर्फ पडता?"

कूलंट घालायचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बर्फ पडत नाही तर ते रंगीत पाणी कशाला, विहिरीचं घातलं तर काय बिघडतं?

पाणी गोठू न देणं हे कूलंटचं एकच काम असतं तर हा प्रश्न बरोबर होता. पण त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, पंपाचं सील टिकवणारे घटक असतात, आणि त्यातल्या ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्यावरही १०७ अंशांच्या आसपास उकळतं, दाबाखाली तर १२५ च्याही वर. आपल्याला उपयोगी आहे तो हा भाग.

उलट चूकही लोक करतात. कूलंट चांगलं, मग पाणी न मिसळता नुसतंच घालू. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे घट्ट मिश्रणाने गाडी जास्तच तापते. बाटलीवर 'रेडी टू यूज' किंवा 'प्रीमिक्स' लिहिलं असेल तर तसंच घालायचं. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी मिसळायचं. हे पाणी बॅटरीत भरण्यासाठी मिळतं तेच. फक्त घेताना लेबल वाचा. बॅटरीचं अ‍ॅसिड वेगळं, ते चुकून रेडिएटरमध्ये गेलं तर खेळ खल्लास.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. आतली रसायनं वेगळी असलेली दोन कूलंट मिसळली तर काही वेळा गाळ धरतो. पुस्तकात कोणतं सांगितलंय ते बघून तेच घ्या. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, नव्या ऑरगॅनिक प्रकारातलं पाचेक वर्षं चालतं.

किनाऱ्यावर गाडीचं काय होतं

मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, वेंगुर्ला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर दिवसरात्र खारा वारा येतो. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये कागदासारख्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या असतात. मीठ आणि दमट हवा मिळून त्या पात्या खातात. बॉनेट उघडून (इंजिन थंड असताना) टॉर्चच्या उजेडात खालच्या बाजूच्या पात्यांना हलकंच बोट लावून बघा. त्या पांढुरक्या भुकटीसारख्या झडत असतील तर रेडिएटर वरून धडधाकट दिसला तरी आपलं निम्मं काम सोडून बसलाय. नळ्या गळत नाहीत, पाणी कमी होत नाही, त्यामुळे सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही. घाटात जाणवतं.

दुसरा मार विजेच्या जोडण्यांवर बसतो. पंख्याच्या मोटरचा प्लग, रिले, अर्थची वायर यांच्यावर हिरवा-पांढरा थर चढतो. पंखा कधी चालतो, कधी नाही. आणि असा 'कधी कधी'चा बिघाड शोधणं मिस्त्रीलाही जड जातं, कारण गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते! किनाऱ्यावरच्या गाडीचा पंखा बंद पडला तर नवीन मोटर घ्यायच्या आधी प्लग काढून, साफ करून, अर्थ घट्ट करून बघायला सांगा.

तिसरी गोष्ट पाण्याची. समुद्रालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. चवीला किंचित खारट लागतं एवढंच. पण त्यातले क्षार इंजिनाच्या आत अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतात. वॉटर बॉडीचे पंखे झिजतात, थर्मोस्टॅटचं घर पोखरतं. मालवणच्या मच्छीमारांना हे सांगायची गरज नाही. होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन थेट समुद्राचं पाणी ओढून थंड होतं, आणि किनाऱ्याला आल्यावर त्यातून गोडं पाणी फिरवून मीठ धुऊन काढणं हा त्याच्या देखभालीचा पहिला धडा. मोठ्या ट्रॉलरच्या इंजिनात तर बहुधा गोडं पाणी बंद चक्रात फिरतं आणि खारं पाणी त्याला बाहेरून थंड करतं, दोन्हींची गाठ पडत नाही. बोटीचं इंजिन इतकं जपणारा माणूस घरच्या गाडीत मात्र बिनधास्त विहिरीची बादली ओततो, हे गंमतीचं आहे.

आणि चौथा प्रकार पर्यटकांचा. गाडी थेट वाळूत घालायची, रुतली की एक्सिलरेटर दाबायचा. चाकं जागच्या जागी फिरतात, इंजिन पूर्ण ताकद लावतं आणि समोरून वारा शून्य. त्यात खारं पाणी आणि वाळू उडून रेडिएटरवर. पाच मिनिटांत काटा वर. रुतलात तर इंजिन बंद करा, चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरमधली थोडी हवा कमी करा आणि लोकांना धक्का मारायला बोलवा. तेवढे भले लोक किनाऱ्यावर नेहमीच असतात.

नेमकी कधी तापते?

डॉक्टर विचारतो ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी? इथेही तसंच आहे. गाडी कोणत्या वेळी तापते यावरून अर्धं निदान होतं. मिस्त्रीकडे जाऊन "गाडी गरम होते" एवढंच सांगू नका.

उभी असताना तापते, पण हायवेवर पळायला लागली की काटा खाली येतो? संशय पंख्यावर. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीचा सगळा भार पंख्यावर असतो. चाचणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. एसीवर फिरला पण इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर ठीक आहे, गडबड तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. दोन्ही वेळा फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग प्लग, आणि सगळ्यात शेवटी मोटर. हात मात्र पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होऊ शकतो.

याच्या उलट प्रकार: गावात ठीक, घाटात किंवा वेगात तापते. इथे वारा भरपूर आहे पण उष्णताच जास्त तयार होतेय आणि रेडिएटरला ती झेपत नाहीये. मघाशी म्हटल्याप्रमाणे झडलेल्या पात्या, आतून गाळाने तुंबलेल्या नळ्या, अर्धवटच उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेली वॉटर बॉडी किंवा मुळात कमी पाणी. फोंडा घाट, करूळ, भुईबावडा, आंबोली, कुठल्याही घाटात हीच यादी. आणखी एक साधं कारण लोक विसरतात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. कोकणातल्या दमट हवेत एसीला जास्त कष्ट पडतात आणि त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर येते. दोघांच्या फटीत पालापाचोळा, मेलेले किडे आणि लाल मातीचा थर साचलेला असतो, तो समोरून दिसत नाही.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल तर थर्मोस्टॅट बंदच अडकलाय किंवा आत हवा अडकलीय असं समजा. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा जवळजवळ थंड, ही त्याची खूण. (पाइपाला लांबून हात जवळ नेऊन अंदाज घ्या, घट्ट धरू नका.) कितीही चालवा, काटा वरच येत नाही, मायलेजही पडलंय? मग थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण इंजिन कायम थंड चालल्याने पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते.

तापमानाच्या दिव्यासोबत बॅटरीचाही दिवा लागला तर? बऱ्याच गाड्यांत एकच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर बॉडी दोन्ही फिरवतो. तो तुटलाय. एक मिनिटही पुढे नेऊ नका.

काट्याबद्दल दोन शब्द. तो प्रामाणिक नसतो. बऱ्याच गाड्यांत तापमान बरंच खालीवर झालं तरी काटा मधेच राहील असा मुद्दाम बसवलेला असतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. काही लहान गाड्यांत काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पाणी पूर्ण निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. गाडी गरम झाली होती, मग आपोआप काटा उतरला, पण हीटर लावला तर थंड हवा येतेय, असं झालं तर आनंद मानू नका. आत पाणी उरलेलं नाही.

पाणी जातं कुठे?

कूलंटचं चक्र बंद असतं. त्यात दर महिन्याला पाणी घालावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. "थोडं थोडं पितेच गाडी" हे खरं नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी रंगीत डाग पडला असेल तर त्याच्या वरच्या जागी शोधा. पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर बॉडीचं सील गेलंय. होजच्या टोकाशी, क्लिपजवळ वाळलेला रंगीत थर असेल तर क्लिप किंवा पाइप. आजकालच्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्या अ‍ॅल्युमिनियमला जिथे चिमटून बसवलेल्या असतात तिथेही पाझर फुटतो. पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला, आत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं आलं तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. एसीचं पाणी मात्र बिनरंगाचं, बिनवासाचं असतं, त्यावरून घाबरू नका. अंगणात झाडाखाली महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर आणि घुशींचाही हात असतो. वायरी आणि पाइप कुरतडणं त्यांना भारी आवडतं.

बाहेर थेंबही नाही आणि टाकी रिकामी होतेय, तर वाईट शक्यता विचारात घ्यावी लागते. हेड गॅस्केट. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली ही पातळ पट्टी जळाली की पाणी सिलिंडरमध्ये जातं किंवा सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो. चालू इंजिनात टाकीत सतत बुडबुडे, थंड गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. आंबोलीच्या पावसाळी धुक्यात सकाळी प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते, ती धरू नका. इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही तर मात्र बघा. तसंच लहान अंतरच चालणाऱ्या गाडीत दमट हवेने झाकणाखाली थोडी साय येते. म्हणजे एका खुणेवर निकाल देऊ नका.

खात्रीसाठी गॅरेजमध्ये दोन चाचण्या असतात. एकात टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरतात आणि तो उतरतो का ते बघतात. दुसऱ्यात टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. कुणी नुसतं बॉनेट उघडून "गॅस्केट गेलं, हेड उतरवायला लागेल" म्हणत असेल तर या चाचण्या मागा. हेड उतरवल्याचे पैसे परत येत नसतात.

घाटात थांबलात, आता?

लाल दिवा दिसताच एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. मे महिन्यात हे ऐकायलाही नको वाटतं, पण हीटर म्हणजे एक छोटा जास्तीचा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. त्याच्यावर शंभर-दोनशे मीटर पुढची मोकळी जागा गाठता येते. वळणावर थांबू नका. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि इंजिन बंद करा.

आता सगळ्यात अवघड काम, वाट बघायची. अर्धा ते पाऊण तास. झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. हात, चेहरा, डोळे भाजतात. वरचा पाइप दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा, मग जाड फडकं टाकून झाकण थोडं फिरवा, हिस्स आवाज थांबू द्या आणि मगच काढा. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आत भरायचं असेल तर इंजिन निवल्यावर, हळूहळू.

आणीबाणीत प्यायचं बाटलीबंद पाणीही चालतं. झऱ्याचं, विहिरीचंही चालेल. समुद्राचं किंवा खाडीचं मात्र कधीच नाही. घरी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरायचं, हे विसरायचं नाही. पाणी भरलं आणि लगेच खालून धार लागली, तर टोइंगला फोन करा. दर दोन किलोमीटरला पाणी ओतत घरी न्यायचं धाडस बऱ्याच इंजिनांच्या जिवावर आलंय.

चढताना गाडी कशी चालवता यानेही फरक पडतो. वरच्या गिअरमध्ये कुंथत नेण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या. इंजिन थोडं मोकळं फिरलं की वॉटर बॉडीही जोरात फिरते.

दुरुस्ती: काय करून घ्या, काय नको

"थर्मोस्टॅट काढून टाकतो, भानगडच नको." हा सल्ला आपल्याकडे इतका पसरलाय की तो बरोबरच असणार असं वाटतं. माझं मत विचाराल तर असं म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी, रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढला की अर्धं पाणी त्या आडवाटेने फिरत राहतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. जुना थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. टाकाऊ पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगून सोडा, गॅसवर ठेवा, थर्मामीटर लावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडला तर चांगला. भाग स्वस्त आहे, शंका असेल तर नवाच घाला.

हळदीचं काय? गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. ती फुगून भोक बुजवते हे खरं, पण बारीक नळ्याही तशाच बुजवते. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करणाऱ्या पावडरींचाही धोका तोच. गॅरेज गाठण्यापुरतं ठीक, नंतर पूर्ण फ्लश करून घ्यावं लागतं.

पूर्वीच्या अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनीचे रेडिएटर तांबं-पितळेचे असत. कारागीर ते खोलून नळ्यांतून सळी फिरवायचे, भोक झाळून द्यायचे आणि तो आणखी काही वर्षं चालायचा. आताच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकला तो उपाय चालत नाही. पात्या झडल्या असतील किंवा टाकीला तडा असेल तर बदलणं हाच इलाज, एम-सीलने दोन दिवस ढकलता येतात इतकंच. नळ्या नुसत्या गाळाने भरल्या असतील तर फ्लश करून बघा. जुनं पाणी काढायचं, साधं स्वच्छ पाणी भरून इंजिन चालवायचं, निवल्यावर पुन्हा काढायचं, स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं.

नवीन कूलंट भरल्यावर आतली हवा काढणं हे अर्धं काम, आणि घाईत तेच राहतं. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा (कोकणातल्या अंगणात चढ शोधावा लागत नाही), हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. बुडबुडे थांबेपर्यंत आणि पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत पाणी पुरवत राहायचं. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो.

हेड उतरवावंच लागलं तर ते मशीनवर घासून सपाट करून घ्या, मिस्त्री त्याला फेसिंग म्हणतात. तडा आहे का हेही तपासून घ्या. वाकलेल्या हेडखाली नवीन गॅस्केट घातलं तर ते पुन्हा जळतं. आणि गाडी मुळात का तापली ते सापडल्याशिवाय पैसे देऊन मोकळे होऊ नका.

गणपतीला गावी निघण्याआधी

मुंबईत सोसायटीच्या आवारात उभी असणारी गाडी वर्षातून एकदा मुंबई–गोवा महामार्गावर साडेचारशे-पाचशे किलोमीटर धावते. त्यातले कित्येक तास ती रांगेत, एसी लावून, जागच्या जागी असते. म्हणजे सगळा भार पंख्यावर. निघायच्या आठवडाभर आधी घराखालीच गाडी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, पंखा सुरू होतो का ते कान देऊन ऐका. टाकीतली पातळी थंड इंजिनाला मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. होज दाबून बघा, फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर बदला. झाकणाचं रबर बघा. डिकीत दोन लिटर प्रीमिक्स कूलंट, एक जाड फडकं आणि दोन-तीन होज क्लिप ठेवा.

गावाहून परतल्यावर आणि किनाऱ्यावर राहत असाल तर महिन्यातून एकदा, रेडिएटरवर साध्या पाइपाने गोडं पाणी मारा. शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, म्हणजे अडकलेला कचरा आला त्याच वाटेने निघेल. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू देऊ नका, पात्या आडव्या होतात.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा व्हाळात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. अंगणात सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची किडनी निकामी होते. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून तर ते कधीच ठेवू नका.